बेचाळीस जणांचा ग्रुप आणि पायरीवरचं पाणी

घाटावरचा | शनिवार, रात्री ९:४०

गेल्या आठवड्यात एक ग्रुप सोडला. १०२४ सभासद, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर मावतात तेवढे सगळे. (पूर्वी ही मर्यादा २५६ होती. २०२२ साली आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. ती वाढली त्या दिवशी आमच्या अ‍ॅडमिनने पेढ्यांचा फोटो टाकला होता.) सोडताना कुणी 'का हो?' म्हणून विचारलं नाही. विचारणार तरी कोण? डीपीला कुणाचा वाघ, कुणाचा झेंडा, कुणाचं गुलाबाचं फूल. कोण कुणाचं, कुठल्या गल्लीतलं, काही पत्ता नाही.

राहतो सांगलीत, गावभागात. नदी हाकेच्या अंतरावर. आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी मोजतात, ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका. आमच्याकडे पावसाळ्यात लोक एकमेकांना 'चहा झाला का' न विचारता 'आयर्विनला किती?' विचारतात. २००५ च्या पुराचा आकडा आम्ही जन्मभर पुरेल म्हणून जपून ठेवला होता. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं आणि तो आकडा मागे पडला.

त्याच दिवसांतली एक रात्र. दीडच्या सुमारास एका मोठ्या ग्रुपवर व्हिडिओ आला. कुठल्यातरी धरणाचे सगळे दरवाजे उघडलेत, धबाबा पाणी, खाली ओळ : 'कोयना सोडली, रात्रीत पाच फूट चढणार, गावभाग रिकामा करा'. मी विचारलं, 'हे कुणी पाहिलं? व्हिडिओ कुठला?' उत्तर आलं, 'तुला मरायचं असेल तर मर, दुसऱ्यांना का अडवतोस?' ज्याने हे लिहिलं त्याच्या डीपीला कमळात बसलेलं बाळ होतं.

आईला ८१ वर्षं. माळ्यावर न्यायची म्हणून अंधारात जिन्याने चढवली. लाइट तीन दिवस नव्हतीच. चौथ्या पायरीवर तिचा पाय घसरला, मनगट मोडलं. त्या रात्री पाणी पाच फूट काय, पाच इंचही चढलं नाही. दोन दिवसांनी कळलं की व्हिडिओ महाराष्ट्रातला नव्हताच. बाळाच्या डीपीवाल्याने तोवर सुप्रभातचे तीन फोटो टाकले होते.

पूर ओसरल्यावर, घरं धुऊन झाल्यावर, बोळातल्या आम्ही चारपाच जणांनी ग्रुप काढला. नाव 'पाणी', आता बेचाळीस जण. नियम एकच : स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. फॉरवर्ड केलं की तंबी नाही, थेट बाहेर. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा त्यावर काय होतं ते सांगतो :

'आमच्या खालून तिसऱ्या पायरीला लागलं. ७:१०.'
'तिसरी बुडाली. ८:२५.'
'मारुती चौकातून चालत आलो, पोटरीपर्यंत आहे.'
'इन्व्हर्टर चालू आहे, फोन आणून द्या, चार्ज करून ठेवतो. चार्जर आपापला आणा.'
'वरच्या आजींची बीपीची गोळी उद्यापर्यंतच आहे.'
'माझ्याकडे त्याच नावाची आहे. दोर सोडा.'

बस्स. कुणी 'धन्यवाद'सुद्धा लिहिलं नाही, बॅटरी वाचवायची होती. आणि गंमत म्हणजे या नोंदींवरून आमच्याकडे आता वहीत कोष्टक तयार झालंय, आयर्विनला किती झालं की बोळातल्या कुठल्या घराच्या कितव्या पायरीला लागतं त्याचं. असं कोष्टक सरकारकडे नाही आणि त्या हजार जणांकडे तर नाहीच नाही. तिथे जून लागला की 'पूर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे की पूररेषेतल्या बांधकामांमुळे' यावर दसऱ्यापर्यंत कुस्ती चालते, आणि दोन्ही पैलवान टोपणनावाचे.

तेव्हा माझं मत झालंय की आपल्याला लहान जागाच बरी. ज्याच्याशी भांडायचं त्याच्या दारावरून रोज दूध आणायला जावं लागतं, तिथेच माणूस नीट बोलतो. तुमचं काय? मोठ्या, बिनचेहऱ्याच्या जागांवर अजून कोण कोण टिकून आहे, आणि का?

---

पोहे_कांदाजास्त | शनिवार, रात्री ९:५८

पहिला! सविस्तर नंतर लिहितो. 'दोर सोडा' वाचून काटा आला.

---

बेदाणा | शनिवार, रात्री १०:३१

आमचा सतरा जणांचा आहे. एकाच शिवारातले द्राक्षवाले, तासगाव तालुका. सगळ्यांची बाग अर्ध्या तासाच्या आत, सगळ्यांवर पाऊस एकाच ढगातला.

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला, वर दव पडलं, की दावण्या रोग आलाच म्हणून समजा. मी आधी एका भल्यामोठ्या ग्रुपवर होतो, राज्यभरातले हजारो बागायतदार. पानाचा फोटो टाकला. दहा मिनिटांत चौदा औषधांची नावं. एक म्हणतो हे मार, दुसरा म्हणतो ते मारलंस तर घड जिरतील. नंतर ध्यानात आलं, त्यातले निम्मे औषधं विकणारे, शेतकऱ्याचं नाव लावून बसलेले. माझी माती कसली, छाटणी कधीची, वाण सोनाका की थॉमसन, हे चौदातल्या एकानंही विचारलं नाही.

तोच फोटो सतरा जणांत टाकला तर पहिलं उत्तर : 'पान उलटं करून फोटो टाक.' वरून तेलकट डाग आणि खालून पांढरी बुरशी, म्हणजे दावण्या. दुसरं उत्तर आलंच नाही, माणूस स्वतः मोटरसायकलवर आला. बांधावर उभा राहून म्हणाला, फवारणी राहू दे बाजूला, आधी तो खालचा गचपणा काढ, हवा खेळू दे.

व्यापाऱ्याचंही तसंच. गेल्या साली एकाने माल उचलला, अर्धे पैसे दिले, उरलेल्याचा चेक परत आला. संध्याकाळी आमच्यात फक्त एवढं पडलं : 'अमुक रंगाची गाडी, हा माणूस, माझा चेक परत.' दुसऱ्या दिवशी त्या गाडीला शिवारात एकही पेटी मिळाली नाही. मोठ्या ग्रुपवर हे लिहायची सोय नाही, तो व्यापारीच तिथे असतो. कदाचित अ‍ॅडमिन म्हणून.

पण एक खोट सांगतो, उगाच कौतुक नको. सतरा जणांत एक अण्णा आहेत. अण्णा बोलले की विषय संपला. दोन वर्षं सगळ्यांनी अण्णांचंच औषध मारलं, तेच ते, तेच ते. तिसऱ्या वर्षी रोगाला ते पाण्यासारखं झालं. सतराच्या सतरा बागांत एकदम. आमच्यात बाहेरचा कुणी असता तर म्हणाला असता, बाबांनो, आलटून पालटून मारा. अण्णांना कोण बोलणार? त्यांच्या पोरीचं लग्न माझ्या चुलतभावाशी झालंय.

---

ढमीआत्या | शनिवार, रात्री ११:१५

घाटावरचा, तुमच्या आईंचं मनगट कसं आहे आता?

धागा छान आहे, पण मी दुसऱ्या बाजूने लिहिते. डोंबिवली, ७२ फ्लॅटची सोसायटी, तिचा ग्रुप. लहान, लोकल, सगळे खऱ्या नावाचे, नावापुढे फ्लॅट नंबरसुद्धा. टँकर किती वाजता, लिफ्ट बंद, कुणाची गाडी आडवी लागलीय, याला तो उत्तम आहे. त्यापलीकडे मी तिथे तोंड उघडत नाही.

२०१४ साली माझी मुलगी झाली. तिसऱ्या आठवड्यापासून मला तिच्याकडे बघावंसं वाटेना. रडू यायचं, नाहीतर काहीच यायचं नाही. रात्री तीन वाजता मी एका मोठ्या, अनोळखी जागेवर खोट्या नावाने लिहिलं. काय लिहिलं ते आज वाचवत नाही. वीस मिनिटांत एका बाईचं उत्तर आलं. नर्स होती, कुठल्या गावची ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिने लिहिलं, 'हा आजार आहे, बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतो, औषधाने बरा होतो. तुम्ही वाईट आई नाही. सकाळी नवऱ्याला उठवा आणि डॉक्टरांकडे चला म्हणा.' सकाळी उठवलं.

हे मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं असतं तर? उत्तरं आली असती, नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये. आणि लिफ्टमध्ये उत्तरं डोळ्यांनी देतात. आजही कुणीतरी माझ्या मुलीकडे बघून म्हणालं असतं, 'हीच का ती?'

तुम्ही म्हणता, दारावरून दूध आणायला जावं लागतं म्हणून माणूस नीट बोलतो. बरोबर. आणि त्याच कारणाने माणूस गप्पही बसतो. हे नातं तुटलं नाही पाहिजे, ते नाव खराब नाही झालं पाहिजे. जे बोलायचं असतं ते बोलायला बाईला अनोळखी माणूसच लागतो. पूर्वी रेल्वेच्या लेडीज डब्यात सापडायचा, आता इथे.

---

पोहे_कांदाजास्त | शनिवार, रात्री ११:२२

आत्या, __/\__

सविस्तर लिहिणार होतो ते आता राहूच दे.

---

सांगलीचा_सिद्धू | रविवार, पहाटे ४:०५

(इकडे शनिवार संध्याकाळ. आयडीवर जाऊ नका, सांगली सोडून अकरा वर्षं झाली. सध्या मुक्काम बर्लिंग्टन, व्हर्माँट, अमेरिका.)

घाटावरचा काका, तुम्ही जे बोळापुरतं केलंत ते इथे अख्ख्या राज्यात चालतं, त्याबद्दल लिहितो. नाव फ्रंट पोर्च फोरम. पोर्च म्हणजे आपली ओसरीच. मायकेल वुड-लुईस आणि त्याची बायको व्हॅलरी या गावात नवीन राहायला आले होते, शेजारी कुणी ओळखेना. २००० साली त्यांनी आपल्या भागापुरती ईमेलची यादी सुरू केली, आसपासच्या घरांत चिठ्ठ्या वाटून. ती चालली, म्हणून २००६ मध्ये रीतसर कंपनी काढली. आज व्हर्माँटच्या प्रत्येक गावाला असा फोरम आहे. सगळ्या राज्याची वस्ती साडेसहा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्याच्या पावपट.

कसं चालतं बघा. खरं नाव आणि राहण्याचा पत्ता दिल्याशिवाय आत घेत नाहीत. लिहिलेलं लगेच दिसत नाही. त्यांची माणसं, म्हणजे पगारी हाडामांसाची माणसं, आधी वाचतात. दिवसभराचं सगळं गोळा होऊन साधारण रोज एकदा एक अंक ईमेलने येतो. तुम्हाला माझा राग आला तर तुमचं उत्तर उद्याच्या अंकात, माझं परवाच्या. तोवर राग आपोआप निवतो. भांडण करायला चिकाटी लागते इथे!

अंकात काय असतं? मांजर हरवलंय. शिडी दोन दिवसांसाठी हवी. झुकिनी फार आली आहेत, पायरीवर ठेवलीत, न्या. (आपल्याकडे दुधी आले की शेजारी दार लावून घेतात, तसंच इथे झुकिनीचं.) पहिल्याच हिवाळ्यात माझी गाडी बर्फात रुतली होती. फावडं कुणी देईल का म्हणून लिहिलं, तर तिसऱ्या गल्लीतला एक म्हातारा स्वतःचं फावडं आणि थर्मासभर कॉफी घेऊन आला. त्याने काढलंच, वर मला फावडं धरायचं कसं तेही शिकवलं. नाव लक्षात होतं त्याला, 'तू तो मांजर हरवलेला ना?' नव्हतो, पण हो म्हटलं.

ऑगस्ट २०११ मध्ये आयरिन वादळाने इथले रस्ते आणि पूल वाहून गेले, तेव्हा मी इथे नव्हतो, पण जुने लोक अजून सांगतात की कुणाकडे जनरेटर आहे, कुठला रस्ता धड आहे, चिखल काढायला माणसं कुठे हवीत, हे सगळं याच्यावर चालायचं. जुलै २०२३ च्या पुरात ते मी स्वतः पाहिलं. राजधानी माँटपिलियरच्या बाजारपेठेत पाणी. अंकामागून अंक येत होते, 'बूट, फावडं, हातमोजे घेऊन अमुक चौकात या.' वाचता वाचता मला आपलाच हरभट रोड दिसत होता, आणि तो चिखलाचा वास. तो सगळीकडे सारखाच असतो का हो?

ढमीआत्या, तुमचं मात्र पटलं. तुम्ही लिहिलंत ते मी इथे कधीच लिहू शकणार नाही. घराच्या पत्त्यासकट तर नाहीच.

---

खानदेशी_ठेचा | रविवार, सकाळी ८:४०

रविवारी सकाळी चांगल्या धाग्यात मीठ टाकतो, माफी असावी. पण धुळे जिल्ह्यातला आहे म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

१ जुलै २०१८. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. त्या दिवशीही रविवारच होता, आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. 'मुलं पळवणारी टोळी आलीय' असे मेसेज आणि व्हिडिओ त्याआधी कितीतरी दिवस फिरत होते. पाचही जणांना ठेचून मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत.

आता सांगा, तो मेसेज कुठे फिरत होता? बिनचेहऱ्याच्या परदेशी चावडीवर नाही. गावच्या, पाड्याच्या, भावकीच्या, मित्रमंडळाच्या ग्रुपवर. आपल्या माणसाने पाठवला म्हणून खरा वाटला. अनोळखी आयडीने टाकला असता तर शंभरातल्या दहांनी तरी 'चल रे' म्हटलं असतं. काकाने पाठवलाय म्हटल्यावर कोण विचारतो?

त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. पाच ही संख्या मला तेव्हापासून बघवत नाही.

ओळखीचा जेवढा आधार असतो तेवढंच तिचं आंधळेपण. लहान ग्रुपला 'बाहेरचा' लगेच ओळखू येतो, हे तुम्ही गुण म्हणून सांगताय. तिथे ते पाच जण बाहेरचे होते.

---

घाटावरचा | रविवार, सकाळी ९:१२

ठेचा, तुमचा प्रतिसाद वाचून चहा गार झाला. खोडून काढत नाही, काढता येणारही नाही. फक्त एवढंच सांगतो की आमच्या ग्रुपचा जीव त्या एका नियमात आहे, बेचाळीस या आकड्यात नाही. 'स्वतः पाहिलं तेवढंच.' 'मुलं पळवणारी टोळी' कुणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती? एकानेही नाही. नुसतं लहान आणि लोकल असून भागत नाही, हे मी धाग्यात नीट लिहायला हवं होतं. ती चूक माझी.

आत्या, मनगट जुळलं, पण पोळी लाटताना दुखतं म्हणते. आता लाटू नको म्हटलं तर ऐकत नाही.

बेदाणा, तुमचे अण्णा आमच्याकडेही आहेत. नाव वेगळं.

---

काळाकोट | रविवार, सकाळी १०:५०

ज्यांच्या गळ्यात अ‍ॅडमिनपद पडलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्रुपवर दुसऱ्याने घाण टाकली तर तुम्ही आत जाल का, हे मला महिन्यातून दोनदा विचारतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये निकाल दिलाय : सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला बेत असला तर गोष्ट वेगळी. कारण अ‍ॅडमिनच्या हातात असतं काय, तर माणूस घेणं आणि माणूस काढणं. कोण काय लिहील ते आधी त्याला कळत नाही.

म्हणून 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतो' हे बटण भीतीपोटी दाबून बसू नका. ते दाबलं की ग्रुपचा फलक होतो. आमच्या सोसायटीत तीन वर्षं दाबलेलं आहे. आता लोक जिन्यात भांडतात, ते निदान खुलं असतं.

---

जुनं_मोडेम | रविवार, दुपारी १२:२०

वय सांगतो, म्हणजे बाकीचं माफ होईल : ६३.

९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शिकायला होतो. तेव्हा न्यूजग्रुप असायचे, म्हणजे संगणकावरच्या लेखी गप्पांच्या चावड्या. दर सप्टेंबरला विद्यापीठात नवी पोरं यायची, पहिल्यांदा संगणक मिळायचा, आणि महिनाभर धुडगूस. जुनी मंडळी त्यांना रीत शिकवायची, ऑक्टोबर संपेतो ती माणसाळायची. ९३-९४ पासून व्यापारी कंपन्यांनी आपल्या लाखो गिऱ्हाइकांना एकदम आत सोडलं आणि तो सप्टेंबर संपलाच नाही. 'कधीच न संपलेला सप्टेंबर' असंच त्याला म्हणतात अजून. तेव्हा मला कळलं की जागा मोठी झाल्याने बिघडत नाही. नव्याला रीत लावायला जुने पुरत नाहीत, तेव्हा बिघडते. दहात एक नवा आला तर तो आपल्यासारखा होतो. दहात नऊ नवे आले तर आपण त्यांच्यासारखे.

रॉबिन डनबार नावाचे मानववंशशास्त्रज्ञ आहेत, ते म्हणतात माणसाला दीडशेच्या आसपासच माणसं धड सांभाळता येतात. त्या आकड्यावर तज्ज्ञांत वाद आहेत. मला विचाराल तर दीडशे फार झाले. माझ्या लग्नाला चारशे होते आणि मला अकराच आठवतात.

आणखी एक, लहान जागांबद्दल कुणी बोलत नाही ते. त्या मरतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. ऑर्कुट २००४ ला आलं, ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं. याहू ग्रुप्सना १५ डिसेंबर २०२० ला टाळं लागलं. आमच्या गावच्या मंडळींचा तिथे एक ग्रुप होता, तीसेक जण, जगभर पांगलेले. कुणाच्या आजीची गव्हाच्या चिकाची कृती, कुणी काढलेला ग्रामदैवताच्या पालखीच्या वाटेचा नकाशा, नदीवरच्या जुन्या धोंड्यांची नावं. बंद होणार म्हणून महिने आधी सांगितलं होतं, उतरवून घ्या म्हणून. 'घेऊ की' असं तीसही जणांना वाटलं. कुणीच घेतलं नाही. तुम्ही ते पायऱ्यांचं कोष्टक वहीत लिहिलंयत, तेवढं फार चांगलं केलंत. वही पुरात कुठे ठेवता तेवढं बघा.

---

पोहे_कांदाजास्त | रविवार, दुपारी १२:४१

'लग्नाला चारशे, आठवतात अकरा.' मोडेमकाका, काकू त्या अकरांत आहेत ना?

---

जुनं_मोडेम | रविवार, दुपारी १:०३

ती हे वाचते. हो.

---

ढमीआत्या | रविवार, दुपारी ४:३०

दुपारभर डोक्यात हेच चालू होतं. घाटावरचा, एक विचारू? तुमच्या त्या बेचाळीसांत बायका किती?

---

घाटावरचा | रविवार, रात्री १०:०५

आत्या, तुमचा प्रश्न वाचला आणि यादी उघडून मोजल्या. तीन. त्यातली एक शिक्षिका, एक दवाखान्यात काम करते, आणि तिसऱ्या आमच्या समोरच्या आजी, ज्यांचा फोन नातू चालवतो. बाकी घरटी एक पुरुष. कधी ठरवलं नव्हतं, पण 'घरटी एक नंबर' म्हटलं की तो कुणाचा असतो ते तुम्हाला माहीतच आहे.

जेवताना बायकोला विचारलं, तुम्हा बायकांना का नाही घेतलं ग आपण? तिने भाजी वाढता वाढता शांतपणे सांगितलं, आमचा आहे की.

तर, आमच्या बोळातल्या बायकांचा वेगळा ग्रुप आहे. भिशीचा. एकोणीस जणी. २०१९ च्या आधीपासूनचा! म्हणजे आमच्या 'पाणी'पेक्षा जुना. मी म्हटलं, पुरात त्यावर काय होतं? ती म्हणाली, काय असायचं? कुणाकडे दूध उरलंय, कुणाला नववा महिना लागलाय आणि बोट आली की आधी तिला काढायचं, कुणाचे सासरे घर सोडायला तयार नाहीत आणि त्यांना कुणाच्या शब्दाने उठवता येईल. मी विचारलं, वरच्या आजींची बीपीची गोळी संपत आली होती, ते? ती म्हणाली, ते आम्हाला आदल्या दिवशीच माहीत होतं. तुमच्या ग्रुपवर टाकायला मीच तुला सांगितलं होतं.

खरंच सांगितलं होतं. मी विसरलो होतो.

आणि तो कोयनेचा व्हिडिओ? तो त्या रात्री तिच्याही ग्रुपवर आला होता. दवाखान्यात काम करणाऱ्या बाईंनी पाचव्या मिनिटाला लिहिलं होतं, 'मी आत्ता गच्चीवर जाऊन बॅटरी मारली, पाणी तिथेच आहे. झोपा.' बायको सांगते, ती मला हे दाखवायला उठली तेव्हा मी आईला घेऊन जिन्यावर होतो, आणि 'आत्ता मध्ये बोलू नकोस' म्हणून ओरडलो होतो.

म्हटलं, मग मला घ्या ना त्यात. निदान पावसाळ्यापुरतं.

नाही म्हणाली. तिने तिथे विचारलंही, माझ्यासमोर. सतरा जणींनी नकार दिला, दोघींनी अजून पाहिलेलं नाही.